काठाला काठाचेच बी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोळा होऊन गेला, धान गर्भात आले, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक दृश्य हमखास दिसते. नाल्याला लागून असलेल्या बांधीच्या टोकाशी शेतकरी उभा असतो आणि खाली वाकून पाहत असतो. मागच्या वर्षीचा धुरा जागेवर नसतो. धुऱ्यावर लावलेली तूर मातीच्या ढेकळासकट नाल्यात आडवी पडलेली असते. ‘यंदा नाल्याने हातभर खाल्ले,’ एवढेच तो म्हणतो आणि कामाला लागतो. सातबाऱ्यावर जमीन तेवढीच राहते. प्रत्यक्षात मात्र ती कठाणीतून नाहीतर अंधारीतून वैनगंगेत, तिथून प्राणहितेत आणि पुढे गोदावरीत निघून गेलेली असते.

मोठ्या पुरात जमीन खरडून गेली तर पंचनामा होतो. दरवर्षी हातभर जाणाऱ्या जमिनीचा पंचनामा कोण करणार? दहा-पंधरा वर्षे असे चालले की एक अख्खी बांधी जाते, नाला रुंद आणि उथळ होतो, त्यातले डोह रेतीने भरतात. पूर्वी माघ-फाल्गुनापर्यंत पाणी धरणारा नाला दिवाळीतच कोरडा पडतो. त्या पाण्यावर गुरे असतात, ढिवर असतात, जंगलातले चितळ-सांबर असतात आणि त्यांच्या मागे येणारा वाघही असतो.

आज मला या काठाबद्दलच बोलायचे आहे. म्हणणे थोडक्यात असे की, नाल्याचा काठ धरून ठेवायचा असेल तर त्याच भागातल्या गवतांचे, झुडपांचे आणि झाडांचे मिश्र बी त्याला द्यावे लागेल. ते बी आज आपल्या आसपास आहे. उद्या असेलच, याची खात्री नाही.

आधी काठ का ढासळतो ते पाहू. पाणी वरून माती धुऊन नेते हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण खरे नुकसान खालून होते. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो आणि पायथ्याची माती पोखरली जाते. वरचा भाग काही दिवस छज्जासारखा लोंबत राहतो. पूर चढलेला असतो तोवर पाण्याचाच त्याला आधार असतो. पूर ओसरला की तो आधार जातो, भिजून जड झालेली माती आपल्याच वजनाने खाली येते. म्हणून पुष्कळदा काठ पडतो तो पुराच्या दिवशी नव्हे, तर दोन दिवसांनी, उघडीप झाल्यावर.

या मातीला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे मुळे. ती एका प्रकारची असून भागत नाही. गवताची मुळे केसांसारखी बारीक आणि दाट असतात. ती वरची वीत-दोन वीत माती जाळ्यासारखी आवळून धरतात. झुडपांची मुळे त्याखाली जातात. कहू म्हणजे अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची जाड मुळे आणखी खोल जाऊन काठाला खुंट्या ठोकल्यासारखे काम करतात. नुसती झाडे लावली तर त्यांच्यामधली माती धुऊन जाते आणि मुळे उघडी पडतात. नुसते गवत असले तर वरची कातडी शाबूत राहते, पण खालून पोखरले की सगळी चादर एकदम खाली येते. दोन्ही हवीत आणि मधले झुडूपही हवे.

आपल्या जंगलातला एखादा न बिघडलेला नाला पाहा. पाण्यालगत कांस, लव्हाळा आणि वाळ्याचे ठोंब असतात. नदीच्या खडकाळ पात्रात शेरणीची झुडपे असतात. पूर आला की ती आडवी होतात आणि पूर गेला की पुन्हा उभी राहतात. थोडे वर निर्गुडी, मारवेल आणि कुंदा. त्याहून वर कहू, करंज, जांभूळ, सिंदी आणि बांबूच्या रांज्या. ही रचना कुणी लावलेली नाही. कहूचे फळ पाच पंखांचे आणि हलके असते, ते पाण्यावर तरंगत जाते आणि पूर जिथे टेकवेल तिथे रुजते. करंजाची शेंगही तशीच वाहत जाते. जांभूळ आणि उंबर पाखरांच्या पोटातून प्रवास करतात. शेकडो वर्षे पाण्यानेच पेरणी केली आणि पाण्यानेच निवड केली. जे पुराला टिकले ते काठावर राहिले.

मग बिघडले कुठे? आपण शेत पार पाण्याच्या कडेपर्यंत नेले. रेती उपसली. नाला खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी आणला, तो खोदताना काठावरचे सगळे हिरवे ओरबाडून गेला आणि काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला. पहिल्याच पावसात तो गाळ परत नाल्यात आला. उन्हाळ्यातल्या वणव्यांनी गवताचे बी जाळले. मोकाट चराईने उरलेले कोंब खाल्ले. आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाहुणे आले.

या पाहुण्यांमधली सगळ्यांत ओळखीची म्हणजे बेशरम. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. जनावरे खात नाहीत म्हणून कुंपणाला बरी वाटली, लवकर वाढते म्हणून काठालाही बरी वाटली. तिची तुटलेली कांडी पाण्यातून वाहत जाऊन कुठेही रुजते, त्यामुळे पूर हाच तिचा प्रचारक झाला. तिच्या दाटीखाली आपले गवत उगवत नाही, गुरांना ती विषारी आणि अरुंद नाल्यात ती माजली की पाण्याचा लोट समोरच्या काठावर जातो. म्हणजे एकाचा काठ राखायचा आणि दुसऱ्याचा पाडायचा. वरच्या बाजूला रायमुनिया आणि रानतुळस आहेतच. माती अडवण्याच्या कामांवर आपण स्वतः होऊन सुबाभूळ आणि स्टायलोचे बी वर्षानुवर्षे टाकले. हेतू चांगला होता आणि ते बी पोत्यांनी विकत मिळत होते. आपल्या कुंद्याचे, मारवेलाचे, कहूचे बी बाजारात पोत्याने मिळत नाही, हेच त्यामागचे साधे कारण.

ही चूक फक्त आपणच केली असे नाही. कुडझू नावाची जपानी वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून अमेरिकेत पोचली. १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी तिथल्या सरकारने तिची कोट्यवधी रोपे वाटली, लावणाऱ्या शेतकऱ्यांना एकरी पैसेही दिले. माती थांबली, पण वेल थांबली नाही. तिने झाडे, कुंपणे, पडकी घरे झाकून टाकली. पुढे त्याच सरकारला तिचे नाव तणांच्या यादीत घालावे लागले. आज त्याच देशात नाल्याकाठच्या कामासाठी त्या त्या खोऱ्यातल्या गवत-झुडपांच्या मिश्र बियांचा आग्रह धरला जातो. आपल्याला एवढा मोठा वळसा घालण्याची गरज नाही.

मिश्र बियांची कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवीनही नाही. धुऱ्यावर तूर, तुरीच्या आधाराने पोपटाचा वेल, खाली धान, अशी वाटणी आपण करतोच. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते. काठाचे गणित तेच आहे. एखाद्या वर्षी पूर लवकर येतो, एखाद्या वर्षी श्रावण कोरडा जातो. दहा-बारा जातींचे बी टाकले तर त्यातल्या चार-पाच जाती त्या वर्षीच्या तऱ्हेला जुळतात.

इथे माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या नाल्यावर आम्ही पहिल्यांदा हे काम केले. मिश्रण म्हणून एका विक्रेत्याकडून बी आणले आणि मोठ्या उत्साहाने आषाढात काठावर फेकले. पहिल्याच लोटात निम्मे बी वाहून गेले. उरलेल्यातून उगवले ते बहुतेक तण. गावातली एक म्हातारी काठावर बसून हे सारे पाहत होती. ती म्हणाली, “बाबू, बी तं आमच्या नाल्याचंच पाहिजे ना. आन् पऱ्हे टाकाच्या आधी बांधी तयार करतो का नाही आपण?” दोन वाक्यांत तिने दोन चुका सांगितल्या. बी परके होते आणि जमीन तयार नव्हती. दुसऱ्या वर्षी बी गोळा करायला तीच पुढे होती.

तेव्हापासून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. गवतांचे बी आश्विन ते मार्गशीर्ष या काळात पिकते. मुठीने ओरबाडले आणि सहज सुटून आले की ते तयार झाले असे समजावे. पुष्कळ रानगवतांचे ताजे बी झोपलेले असते, ते लगेच उगवत नाही. कुसळीचे तर नाहीच. ते कापडी पिशवीत, कोरड्या हवेशीर जागी पुढच्या मृगापर्यंत ठेवावे. तोवर त्याची झोप पुरी होते. कहूची फळे उन्हाळ्यात गोळा होतात, पेरण्यापूर्वी त्यांना एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे. जांभळाचे उलट आहे. त्याचे बी साठवता येत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्याचा जीव जातो. जांभूळ खाल्ले की आठवड्याभरात बी मातीत गेले पाहिजे. वाळ्याला बियांच्या भानगडीत पडूच नये, त्याचे ठोंब फोडून लावावेत. त्याची मुळे सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. निर्गुडीच्या फांद्या खोचल्या तरी फुटतात.

दुसरी गोष्ट, बी कुठून आणि किती घ्यायचे. शक्यतो त्याच नाल्याच्या वरच्या-खालच्या भागातून, पुष्कळ झाडांवरून थोडे थोडे घ्यावे. एकाच ठोंबाचे सगळे बी ओरबाडू नये. तीनांतला एक हिस्सा आपला, बाकीचे पाखरांचे, मुंग्यांचे आणि मातीचे.

तिसरी गोष्ट जागेची. काठाचे तीन भाग मनाशी धरावेत, पायथा, पोट आणि माथा. पायथ्याशी बी टाकून उपयोग नाही, पाणी ते नेणारच. तिथे वाळा, कांस, लव्हाळा यांचे ठोंब हवेत. जोर जास्त असेल तिथे बांबूच्या खुंट्या ठोकून कामट्यांचा कूड विणावा आणि त्याच्या आड माती भरून ठोंब लावावेत. कूड दोन-तीन वर्षांत कुजेल, तोवर मुळांनी त्याची जागा घेतलेली असेल. पोटाचा भाग उभा असेल तर वरून तासून उतरता करावा. त्यावर मारवेल, कुंदा, पवन्या, कुसळी असे मिश्र बी टाकावे. माथ्यावर कहू, करंज, जांभूळ, मोहा आणि मध्ये बांबू.

जमीनही पाहावी. आपल्याकडचे जुने शेतकरी कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी नावे घेतात, ती उगीच नाहीत. काळ्या कन्हारीवर कुंदा चांगला धरतो. मुरमाड बरडीवर कुसळी आणि पवन्या तग धरतात. एकच मिश्रण सगळ्या तालुक्यांत वाटणे म्हणजे पुन्हा जुनीच चूक.

चौथी गोष्ट पेरणीची. रानगवतांचे बी केसाळ असते, ते एकमेकांत गुंतते. शेण, बारीक माती आणि रेतीत ते कालवून फोकावे. फार खोल गाडू नये, सेंटिमीटरभर मातीखाली पुरे. सोबत थोडे कोदो, कुटकी किंवा ताग टाकावा. ही वर्षभराची झाडे चटकन उगवून जमीन झाकतात आणि दिवाळीपर्यंत आपले काम संपवून जातात, तोवर खाली गवताचे ठोंब बसलेले असतात. वरून धानाच्या तणसाचा पातळ थर पसरून बांबूच्या खुंट्यांनी दाबावा. हे सारे रोहिणी सरताना किंवा मृगाच्या पहिल्या सरींवर झाले पाहिजे. मोठे पूर येण्यापूर्वी गवताला महिनाभर तरी मिळावा.

आणि शेवटची, सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे राखण. निदान दोन पावसाळे त्या पट्ट्यात गुरे जाऊ नयेत आणि उन्हाळ्यात आग लागू नये. हे पैशाने होत नाही. गावाने ठरवले तरच होते.

कुणी विचारेल, हे सारे खरेच कुठे झाले आहे का? जवळची उदाहरणे देतो. ताडोबाच्या जंगलातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे बाहेर पुनर्वसित झाली. त्यांच्या रिकाम्या शेतांवर तण माजण्याचा धोका होता. तिथे स्थानिक गवतांची कुरणे उभी करण्याचे काम वनविभागाने केले. मेळघाटातल्या पुनर्वसित गावांच्या जागीही असेच काम झाले आहे. चिखलदऱ्याचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांनी या कामात वनकर्मचाऱ्यांना गवते ओळखायला आणि त्यांचे बी गोळा करायला शिकवले. कधीकाळी नांगरलेल्या जमिनीवर आज चितळांचे कळप चरताना दिसतात.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या भंडारा-गोंदियाचे. तिथल्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम माजली आणि मासे कमी झाले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगावच्या परिसरातल्या ढिवरांबरोबर काम सुरू केले. ढिवरांनी बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी, हे ज्ञान ढिवरांचेच होते. हे नाल्याचे काठ नव्हते, हे मी जाणतो. पण रीत तीच, परके काढायचे, आपले लावायचे आणि ज्यांना नावे ठाऊक आहेत त्यांना पुढे करायचे.

राखणीचे उदाहरण तर आपल्या घरातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला तो २०१२ साली, सुमारे १००० हेक्टरवर मिळाला. तेंदूपानाच्या हंगामासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात, म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने हातचा पैसा सोडून तेंदू तोडणेच थांबवले. जे गाव एवढे ठरवू शकते, ते दोन पावसाळे काठ राखू शकणार नाही काय?

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळालेले आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते आणि जबाबदारीही टाकते. बांबू आणि तेंदूचे हिशेब आपल्या ग्रामसभा चोख ठेवू लागल्या आहेत. त्या वहीत एक पान नाल्याच्या काठाचे असावे, एवढेच माझे मागणे आहे. कोणता नाला, किती लांबीचा काठ उघडा पडला, कोणत्या महिन्यात कोणते बी गोळा करायचे आणि ते कुणाच्या घरी ठेवायचे, एवढे त्यात लिहिले तरी पुरे. रोजगार हमीच्या कामात जिथे नाल्याचे काम घेतले जाते, तिथे खोदण्याबरोबर काठाची पेरणीही आराखड्यात घालून मागता येईल.

आता या उपायाच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या कुणी मला धरेल. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा पूर, ज्यात ब्रह्मपुरी, वडसा भागातली गावेच्या गावे वेढली गेली, तो गवताच्या ठोंबाने अडणार नाही. भामरागडची वाट दरवर्षी बंद करणाऱ्या पर्लकोटेपुढेही आपले बी लहानच. हा उपाय नाल्यांचा आणि लहान नद्यांचा आहे. पण मोठ्या नदीत जाणारी माती या नाल्यांतूनच जाते, हे विसरू नये. आणि प्रत्येक उभी दरड झाकायलाच पाहिजे असेही नाही. खंड्या आणि वेडा राघू अशाच उघड्या मातीत बिळे करून अंडी घालतात. शेताला धोका नसेल तिथे त्यांची भिंत त्यांना राहू द्यावी.

श्रोतेहो, मला काळजी वाटते ती वेगळीच. पाखरे आहेत तोवर जांभळाचे बी कुठूनतरी येईल. पण कुंदा कोणता, पवन्या कोणता, कोणते गवत गाय आधी खाते आणि कोणते पुरात उपटत नाही, हे सांगणारी माणसे प्रत्येक गावात चार-दोनच उरली आहेत. त्यांतली बहुतेक साठीच्या पुढची. शाळेत शिकणाऱ्या पोरांना रानतुळस आणि निर्गुडी यांतला फरक कळेनासा झाला आहे. माणूस गेला की नाव जाते, आणि नाव गेले की ते बी मातीत असूनही आपल्यासाठी हरवते.

म्हणून येत्या दिवाळीच्या सुटीत एक करा. घरातल्या आजी-आजोबांना, गुराख्याला, ढिवराला सोबत घ्या आणि आपल्या नाल्याच्या काठाने मैलभर चाला. सोबत पोरे असू द्या आणि दोन-चार कापडी पिशव्या. जे बी पिकले असेल ते थोडे थोडे घ्या, पिशवीवर गवताचे नाव तुमच्याकडे म्हणतात तेच लिहा आणि कोरड्या जागी टांगून ठेवा. मृग लागेल तेव्हा ती पिशवी खाली काढायची आठवण पोरांनाच राहील.